घोसाळ्याची जाळी

अंबडला आमच्या शेडमध्ये
पाण्याकडे बघून पाळी ओळखता येते.
सकाळचं काळं, कटिंग ऑइलचं;
दुपारचं दुधाळ; रात्रीचं जे असेल ते.
वर तवंग. बोडके म्हणाले,
"मॅडम, तर्री आली बघा,"
आणि त्यानंतर दोन आठवडे
मला मिसळ गेली नाही.

टाकीत यीस्ट सोडायचं ठरलं.
पण सुटं यीस्ट पाण्याबरोबर वाहून जातं,
त्याला धरायला काहीतरी हवं.
प्लॅस्टिकच्या चकत्यांचं कोटेशन
साहेबांच्या टेबलावर महिनाभर पेपरवेटखाली झोपलं.
मग बोडक्यांनी मखमलाबादहून आणली
वेलीवरच वाळलेली घोसाळी, पोतंभर.
साल सोलली, बिया झटकल्या,
बिया खिशात घातल्या,
आणि उरली ती पाठ घासायची जाळी
तारेत ओवून टाकीत सोडली.
एकशे चाळीस. मी मोजल्या.

चौथ्या दिवशी हाताला बुळबुळीत लागलं.
नवव्या दिवशी साय धरली, पिवळट, जाड.
मायक्रोस्कोपखाली पाहिलं:
एकीच्या कुशीला दुसरी फुगत चाललेली,
आणि सगळ्यांवर मिळून एकच
त्यांनीच शिवलेली चिकट वाकळ.

माझी वर्गमैत्रीण वायनरीत आहे, गंगापूर धरणाच्या बाजूला.
तिचं यीस्ट द्राक्षाची साखर खातं,
पाहुणे ग्लास गोल फिरवून वास घेतात.
माझं ग्रीस खातं.
एकाच घरातल्या चुलत बहिणी म्हणायच्या,
हिला अंबडला दिली, इतकंच.

आत येताना सोळाशे.
बाहेर पडताना तीनशे, मग एकशे दहा, मग चौसष्ट.
मी फळ्यावर खडूने लिहायचे,
बोडके येता-जाता वाचायचे
लेकाचे मार्क वाचावेत तसे.

फेब्रुवारीत एका रात्री कुणीतरी
कॉस्टिकचा अख्खा पिंप ओतला.
सकाळी दार उघडलं तर वास नाही.
तो आंबूस, जरासा पिकल्या केळ्याचा वास.
तेव्हाच कळलं.
साय सुटून तळाला, भिंतीचे पोपडे जसे.
रजिस्टरमध्ये तीन दहाची नोंद: सर्व ठीक.
लॅबच्या फ्रिजमधल्या नळ्या
त्याआधीच गेल्या होत्या, लाइट गेले होते त्या शनिवारी,
आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सांगितलं तेव्हा बोडके काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून काढली
लोणच्याची बरणी.
आत गढूळ पाणी, पाण्यात जाळीचा बोटभर तुकडा,
तुकड्यावर साय.
झाकणाला चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेनने: खाऊ नये.
"विरजण कुणी सगळं वापरतं का, मॅडम?"

दीड महिना त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये,
दह्याच्या पातेल्याशेजारी.
कौसल्याबाई आठवड्याला चमचाभर तेल घालायच्या.
शेंगदाण्याचं.
घरात आलेल्याला काय ग्रीस वाढायचं, म्हणाल्या.

पुन्हा एकशे चाळीस जाळ्या.
पुन्हा हाताला बुळबुळीत.
आज एकोणचाळीस आले.
दहाच्या आत आणायचेत, आणि कसे ते मला माहीत नाही.
शेडमागचा नाला काही थांबत नाही,
तो नासर्डीकडे जातो,
नासर्डी गोदेकडे.

ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणावर वेल चढलाय.
खिशातल्या त्याच बिया.
बोडके त्याला आपलंच पाणी घालतात, टाकीतून निघालेलं,
मी नको म्हटल्यावरसुद्धा.
पहिलं पिवळं फूल आलंय.
रागवायलाच गेले होते मी.
खाली वाकले,
आणि एक पान उलटं करून
बराच वेळ बघत राहिले.